३०-०६ च्या पुंगळ्यांची ८×५७ केली, पण न झाडताच माना का तडकल्या?

डायमेकर_सातारा · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या एमआयडीसीत माझी छोटी टूलरूम आहे. तीस वर्षं प्रेस टूल आणि डीप ड्रॉच्या (पत्रा दाबून खोल आकार देणाऱ्या) डाय, म्हणजे साचे, बनवतोय, त्यातही पितळेचं काम जास्त. गेल्या मे महिन्यात भाच्याकडे अमेरिकेत, मोंटानात, दीड महिना राहून आलो. तिथे एक काम शेजारी बसून पाहिलं, मापं घेतली, आणि त्यातला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. इथे पितळ जाणणारे आणि बंदूक जाणणारे दोन्ही आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

भाच्याकडे जुनी माउझर रायफल आहे, ८×५७ मापाची. तिकडे स्वतःपुरती काडतुसं घरी भरायला मुभा आहे आणि खूप लोक भरतात. झाडून झालेली पितळी पुंगळी परत मापात आणायची, बुडातला प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बदलायचा, दारू आणि गोळी नवी घालायची. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणून तीच जपायची. ८×५७ च्या नव्या पुंगळ्या त्याला महाग पडतात. उलट लष्करातून निघालेल्या ३०-०६ या मापाच्या जुन्या पुंगळ्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने त्याला दोन डबे भरून दिल्या. मग त्या ८×५७ करायच्या.

हे जमतं याचं कारण बूड. दोन्हींच्या बुडाचा व्यास सारखाच, १२ मिलिमीटरच्या आसपास. जर्मनीच्या १८८८ च्या काडतुसाचं बूड माउझरच्या पुढच्या मापांत आलं, अमेरिकेच्या १९०६ च्या ३०-०६ मध्ये तेच राहिलं, आणि १९५० च्या दशकातलं ७.६२×५१ पण त्याच बुडावर उभं आहे. बूड तेच, वरचं अंग वेगळं. म्हणून वरचं अंग डायमध्ये घालून बदलता येतं.

पुंगळीला वंगण लावून ८×५७ च्या डायमध्ये दाबली की खांदा, म्हणजे अंग अरुंद होऊन मान सुरू होते तो उतार, साडेतीन मिलिमीटर मागे सरकतो. खांद्यापाशी ११.२ असलेला व्यास १०.९५ वर येतो. लांबी ६३.३ ची ५७ करायची म्हणजे वरचा सहा मिलिमीटरहून जास्त भाग कापून टाकायचा. मग आतून मान फुगवायची, कारण ३०-०६ ची गोळी ७.८२ ची आणि ही ८.२ ची. नीट पाहिलं तर नवी मान जुन्या मानेची नाहीच. तिचा खालचा भाग जुन्या खांद्याचा आहे. आधी दाबलेला आणि मग परत ताणलेला धातू. वंगण जास्त झालं तर खांद्यावर खळगा पडतो, कमी झालं तर पुंगळी डायमध्ये अडकून बसते. हे सगळं माझ्या रोजच्या कामातलं असल्याने मला फार आपलं वाटलं.

आता प्रश्न. त्याने ऑक्टोबरात १८० पुंगळ्या अशा बदलल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. मी मे महिन्यात डबा उघडला तर २३ पुंगळ्यांच्या मानेला उभ्या चिरा. एकही झाडलेली नाही. आत दारू नाही, गोळी बसवलेली नाही, नुसत्या रिकाम्या. भाचा म्हणतो पितळ जुनं होतं, सडलं. मला ते पटत नाही, कारण त्याच लॉटच्या न बदललेल्या ३०-०६ पुंगळ्या शेजारच्याच डब्यात होत्या आणि त्यातली एकही तडकलेली नाही. भिंग लावून पाहिलं.

तुमचा अनुभव काय सांगतो?

---

तांबट_कराड · रविवार, रात्री १०:२५

काका, बदलल्यावर माना तापवल्या होत्या का? एवढंच आधी सांगा.

---

डायमेकर_सातारा · रविवार, रात्री १०:३१

नाही. आधीही नाही, नंतरही नाही. बूड मऊ पडलं तर काडतूस धोक्याचं होतं असं त्याने वाचलं होतं, म्हणून तो ज्योत जवळच नेत नव्हता.

---

तांबट_कराड · रविवार, रात्री ११:०२

मग अर्धं उत्तर तिथेच आहे. आमच्या घरात चार पिढ्या तांब्या-पितळेचं काम. वडील हंडा ठोकायला बसले की दर काही फेऱ्यांनी भट्टीत घालायचे. पितळ ठोकून ठोकून ताठरतं. आवाज बदलतो, हातोडी उसळायला लागते. तेव्हा थांबायचं, लाल करायचं, पुन्हा मऊ झालं की पुढे. ही तापवणी चुकवून काठ वळवला तर काठ तिथेच चिरतो, किंवा लगेच चिरत नाही आणि मग दुकानात मांडून ठेवलेला हंडा एका सकाळी तडकलेला सापडतो. लहानपणी मी हे दोनदा पाहिलंय. कुणी हात लावला नव्हता. आजोबा म्हणायचे, पितळेत जोर कोंडून राहिला.

आणखी एक. लोखंडाची सवय असलेले लोक पाण्याला घाबरतात. तांबं-पितळ तापवून पाण्यात विझवलं तरी मऊच राहतं, कडक होत नाही. म्हणून बूड पाण्यात बुडवून ठेवून फक्त वरची मान तापवता येईल. मी पुंगळी कधी केलेली नाही, पण लोट्याचा गळा असाच करतो.

---

आपशिंगेकर · सोमवार, सकाळी ६:५०

जय हिंद. मी निवृत्त हवालदार, आपशिंगे मिलिटरी. आमच्या गावाला बंदूक नवी नाही. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण गेले, त्यांची शिळा गावात उभी आहे. एनसीसीत .३०३ हाताळली, भरती झाल्यावर ७.६२ ची एसएलआर रायफल, शेवटी ५.५६ ची इन्सास रायफल.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, आमच्याकडे फायरिंग संपलं की खोके, म्हणजे झाडलेल्या पुंगळ्या, मोजून जमा करायचे. जेवढे राउंड दिले तेवढे खोके परत. एक कमी पडला तर अख्खी तुकडी रेंजवरच्या गवतात गुडघ्यावर बसून शोधायची. मीही अंधार पडेपर्यंत शोधलाय. त्यामुळे पुंगळ्यांचे डबेच्या डबे कुणाच्या घरात असू शकतात हे वाचूनच नवल वाटलं. तिकडची रीत वेगळी, ते समजतं.

दुसरी गोष्ट तुमच्या कामाची. लष्करी पुंगळीच्या मानेला आणि खांद्याला निळसर-तपकिरी झाक असते. नवे रंगरूट विचारायचे की हे गंजलंय का. आमचे उस्ताद सांगायचे, ती कारखान्यातल्या आगीची खूण आहे, पुसायची नाही. तांबट साहेबांचं वाचून आज ते पूर्ण समजलं. कारखाना सगळ्यात शेवटी मान तापवतो. तुमच्या भाच्याने तो तापवलेला भाग कापला आणि दाबला, म्हणजे कारखान्याचं शेवटचं कामच पुसलं गेलं.

---

डायमेकर_सातारा · सोमवार, सकाळी ८:१५

हवालदार साहेब, नमस्कार. तुमचा शेवटचा परिच्छेद भाच्याला जशाच्या तसा वाचून दाखवतो. न बदललेल्या पुंगळ्यांवर ती झाक स्पष्ट होती, बदललेल्यांवर फक्त खांद्याखाली एक पट्टा उरला होता. मी पाहिलं होतं, अर्थ लावला नव्हता.

तरी एक शंका राहते. ताण सगळ्या १८० मध्ये होता. तडकल्या २३ च. आणि त्याही डब्याच्या एका बाजूच्या जास्त. का?

---

नेमबाज_मिरज · सोमवार, दुपारी १:२०

विषय छान चाललाय, पण वाचणाऱ्या तरुण मुलांसाठी हे आधी लिहितो. आपल्याकडे हे घरी करायचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. परवान्याशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा, आणि बनवणं किंवा बदलणं याला वेगळा परवाना लागतो. रेंजवरून आठवण म्हणून पुंगळी खिशात घालून आणू नका. विमानतळावर बॅगेत सापडलेल्या एका पुंगळीपायी माणसाचे हाल झालेले आमच्या क्लबात सगळ्यांना माहीत आहे.

आता भाच्यासाठी दोन प्रश्न. एक, रायफल कुठल्या बोअरची, म्हणजे नळीचं आतलं माप काय? १९०५ च्या आधीच्या ८×५७ ला गोळी ८.०८ ची, नंतरच्या एस बोअरला ८.२ ची. जुन्या नळीत मोठी गोळी घालणं जीवावरचं आहे. दोन, पुंगळीच्या बुडावर अजून ३०-०६ च्या लॉटचा शिक्का असणार. आत माप बदललं, बाहेर नाव जुनंच. तो खूण कशी करतो?

अवांतर: आपल्याकडे .३१५ च्या रायफली इतक्या का दिसतात, हे अनेक जण विचारतात. इंग्रजांनी .३०३ हे लष्करी माप नागरिकांना बंद ठेवलं होतं, जेणेकरून लष्कराची काडतुसं बाहेर चालू नयेत. म्हणून ८×५०आर मॅनलिखर हे माप .३१५ नावाने शिकारी रायफलींत आलं. तेव्हा एका मापाची पुंगळी दुसऱ्या मापात बसू नये, यावर आपल्या इथे इंग्रजांच्या काळापासून सरकारचं लक्ष आहे.

---

डायमेकर_सातारा · सोमवार, दुपारी ३:०५

नळी मोजून घेतलेली आहे, एस बोअर, ८.२. खुणेबद्दल अगदी बरोबर पकडलंत. तो बुडाला लाल कायम शाई लावतो आणि डब्याच्या आत-बाहेर चिठ्ठी. मी म्हटलं चिठ्ठी हरवते, बुडावर कोरून घे. आता घेतो म्हणाला.

---

बॉइलिंग_हाऊस · सोमवार, रात्री ८:४५

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात २६ वर्षं बॉइलिंग हाऊसला होतो. डायमेकर साहेब, तुम्ही विचारलं की १८० पैकी २३ च का. मला बंदुकीचं काही कळत नाही, पण हा आजार मी ओळखतो. आधी एक सांगा: डबा ठेवला होता कुठे?

विचारतोय कारण असं. आमच्या इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणाऱ्या टाकीच्या) कॅलँड्रियात, म्हणजे वाफेने तापणाऱ्या नळ्यांच्या भागात, पूर्वी पितळी ट्यूब असायच्या, हजारोंनी. ट्यूब प्लेटमध्ये बसवताना टोकं आतून एक्सपँड करतात, म्हणजे तुमच्या मानेसारखीच फुगवतात. उसाच्या रसातून वाफेबरोबर थोडा अमोनिया निघतो. न विरघळणारे वायू जिथे साठतात, तिथल्याच ट्यूब आधी जायच्या, आणि त्याही एक्सपँड केलेल्या टोकाजवळ उभ्या चिरून. मधला भाग नव्यासारखा. फोरमन म्हणायचे माल वाईट आला. माल वाईट असता तर सगळीकडे चिरला असता.

पितळ, आतला ताण, अमोनिया आणि ओल. चारही एकत्र आले की चिरतं, एक काढलं तर चिरत नाही.

---

डायमेकर_सातारा · सोमवार, रात्री ११:५०

साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच फोन लावला, तिकडे दुपार होती. डबे घरात नव्हते. घरामागच्या लाकडी शेडमध्ये होते. भाचेसुनेच्या साठ कोंबड्या आहेत, त्यांचं खुराडं त्याच शेडला लागून, मध्ये फळ्यांची भिंत. हिवाळाभर सगळं बंद. तडकलेल्या पुंगळ्या डब्याच्या त्या बाजूच्या होत्या जिथे झाकण नीट बसत नव्हतं.

मला खुराड्याचा वास आठवतोय. डोळ्यांत जायचा.

---

विट्याची_सुनंदा · मंगळवार, सकाळी ७:३०

वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आमची विट्याजवळ लेअर (अंड्यांच्या कोंबड्यांची) पोल्ट्री आहे. शेडमधल्या पाण्याच्या लाइनला सुरुवातीला पितळी कॉक आणि पितळी नट बसवले होते. पावसाळ्यात ताडपत्र्या खाली सोडल्या की लिटरचा (कोंबड्यांखालच्या विष्ठा मिसळलेल्या भुश्याचा) वास साठतो, आणि श्रावण संपेपर्यंत नट उभे चिरलेले. प्लंबर म्हणायचा ताई, तुमची माणसं पान्याने जास्त आवळतात. माणसं म्हणायची माल हलका. दोन वर्षं आम्ही एकमेकांना बोल लावले. बाहेरच्या टाकीवरचे तेच कॉक अजून आहेत.

बॉइलिंग हाऊस काका, म्हणजे आवळणं हेही कारण आहे आणि वासही, दोन्ही मिळून?

---

बॉइलिंग_हाऊस · मंगळवार, सकाळी ९:१०

सुनंदाताई, अगदी तसंच. आवळल्याने नटात ताण येतो, लिटरचा अमोनिया आणि पावसाळ्याची ओल बाकीचं करते. प्लंबर अर्धा खरा होता आणि तुमची माणसंही. तिथे स्टेनलेस किंवा प्लास्टिकचे कॉक घ्या, पितळ नकोच.

आता या धाग्याचं खरं मूळ सांगतो, कारण ते आपल्याच देशातलं आहे आणि पुंगळ्यांचंच आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात साठवलेली असताना तडकायची. न झाडता, कोठारात पडल्या पडल्या. पावसाळ्यातच व्हायचं म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग, ऋतूची चीर. कोठारं अनेकदा घोड्यांच्या पागांजवळ. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी हवा, आणि मान दाबून बनवलेल्या पुंगळ्यांतला ताण. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी हे कारण नीट मांडलं. उपायही त्यातूनच आला: शेवटी हलकं तापवून ताण काढून टाकायचा.

पुंगळीचं पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. जस्त साधारण १५ टक्क्यांच्या वर गेलं की हा आजार जडतो. शुद्ध तांब्याला सहसा नाही. मोंटानातल्या कोंबड्यांनी तेच केलं जे इथल्या पागांनी केलं होतं.

---

आपशिंगेकर · मंगळवार, सकाळी १०:०५

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या पणजोबांची पिढी त्याच दारूगोळ्यावर लढली.

---

तांबट_कराड · मंगळवार, सकाळी ११:४०

आजोबांचा तो हंडा तडकला ते दुकान बैलांच्या गोठ्याला लागून होतं. आज कळलं.

---

नेमबाज_मिरज · मंगळवार, दुपारी २:१५

बॉइलिंग हाऊस सर, तुमच्या माहितीला जोडून एक. .३०३ मध्ये जी कॉर्डाइट दारू असायची ती शेवयांसारखी लांब काड्यांची. ती जुडी अरुंद मानेतून आत जाईना, म्हणून कारखान्यात आधी सरळ पुंगळीत काड्या भरत आणि मान नंतर दाबत. आत दारू असताना त्या मानेजवळ आग नेणार कशी? मला वाटतं पावसाळ्यात तडकणाऱ्या काडतुसांचा विचार करताना हेही लक्षात घ्यायला हवं.

डायमेकर काका, तापवायचं ठरलं तर भाच्याला एक गोष्ट ठासून सांगा: फक्त मान आणि खांदा. बूड कडकच हवं. झाडताना सगळा दाब बुडाला सोसायचा असतो. बूड मऊ पडलं तर प्रायमरची जागा पसरते, तडा जातो आणि तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. पुंगळ्या घरच्या ओव्हनमध्ये भाजायच्या नाहीत, कुणी काहीही सांगो.

---

डायमेकर_सातारा · मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझ्या बाजूने थोडं लिहितो, कारण या निमित्ताने माझ्याच धंद्याकडे मी नव्याने पाहिलं.

पुंगळी बनते कशी तर पितळेच्या चकतीपासून. चकतीचा कप, कपाला ड्रॉ (डायमधून ओढून लांब करणं), मग अॅनिल (तापवून मऊ करणं), परत ड्रॉ, परत अॅनिल. शेवटी बूड ठोकून शिक्का मारतात, ते मुद्दाम तापवत नाहीत, ठोकल्याने आलेला कडकपणा तिथे हवाच असतो. मग अंगाला टेपर, मान, आणि मानेची शेवटची तापवणी. म्हणजे एकाच ५७ मिलिमीटरच्या तुकड्यात खाली कडक आणि वर मऊ, आणि मधे हळूहळू उतरत जाणारं. मी आजवर डायमधून निघालेल्या वस्तूचा व्यास, जाडी, लांबी मोजली. कडकपणाचा हा उतार कुठल्याच ड्रॉइंगवर आकड्यात नसतो. भाच्याने माप अचूक बदललं, १८० च्या १८० गेजमध्ये बसत होत्या. पण उतार बिघडवला. हे त्याला सांगताना मी स्वतःलाही सांगत होतो.

जाडीचंही बोलायला हवं, कारण ते आणखी जीवावरचं आहे. नवी मान जुन्या खांद्याच्या धातूची, तिथे पत्रा जाड. मी बॉल मायक्रोमीटरने मोजलं: मानेच्या तोंडाशी ०.३८, खालच्या टोकाला काहींत ०.४३ पर्यंत. चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, मानेभोवती फुरसत अगदी थोडी असते. मान जाड राहिली तर गोळीला सोडायला जागा मिळत नाही आणि दाब एकदम चढतो. म्हणून आतून रीम किंवा बाहेरून टर्न करून, म्हणजे धातू खरवडून, जाडी सारखी करावीच लागते. भाचा ते करत होता, शाबास त्याला. मात्र टर्निंग तो न तापवताच करायचा. ताठर पितळावर टूल दचकतं. आता आधी तापवून, मग डाय, मग टर्न, मग परत तापवणं असा क्रम ठरवलाय.

तापवणी तांबट दादांच्या पद्धतीने. पसरट थाळीत पाणी, त्यात पुंगळ्या अर्ध्या बुडवून उभ्या, मानेला गॅसची ज्योत काही सेकंद, आणि पुंगळी आडवी पाण्यात. तापमानावर वितळणारी लाखेची खूण तिकडे मिळते, ती ठरलेल्या तापमानाची खांद्याखाली लावतो. ती वितळली की थांबायचं. झगझगीत लाल दिसेपर्यंत थांबलं तर फार झालं.

दारूच्या बाबतीत मी पडलो नाही, तो माझा प्रांत नाही. एवढंच पाहिलं की लष्करी पुंगळीची भिंत जाड, त्यामुळे आतली जागा कमी. नेहमीच्या पुंगळीचा आकडा तिला लावायचा नाही, खालून सुरू करायचं, हे त्याला माहीत आहे.

---

विट्याची_सुनंदा · बुधवार, सकाळी ७:१०

डायमेकर दादा, न तडकलेल्या १५७ पुंगळ्यांचं काय केलं? त्यांनीही तोच वास घेतलाय की.

---

बॉइलिंग_हाऊस · बुधवार, सकाळी ८:००

सुनंदाताईंनी नेमकं विचारलं. कॅलँड्रियात आम्ही एका भागातल्या दहा ट्यूब चिरल्या की त्या भागातल्या सगळ्या बदलायचो. चीर डोळ्यांना दिसायच्या आधी बारीक सुरू झालेली असते. तापवून ताण जाईल, पण सुरू झालेली चीर बुजणार नाही.

---

डायमेकर_सातारा · रविवार, रात्री ८:२०

आज व्हिडिओ कॉलवर बसून काम केलं. १५७ पैकी प्रत्येकीची मान भिंगाखाली पाहिली, त्यात आणखी ९ सापडल्या, केसाएवढ्या चिरांच्या. उरलेल्या दिसायला स्वच्छ आहेत, पण बॉइलिंग हाऊस साहेबांचं म्हणणं मी भाच्याला सांगितलं आणि त्याने थोडा वेळ विचार करून सगळ्याच बाजूला काढल्या. कित्येक संध्याकाळी गेल्या होत्या त्यात, मला वाईट वाटलं. एकेकीची मान पकडीने चेपली, म्हणजे भंगारातून उचलून कुणी चुकून भरायला नको.

दुसऱ्या डब्यातल्या न बदललेल्या ३०-०६ पुंगळ्या घरात, जिन्याखालच्या कोरड्या कपाटात नेल्या. त्यातल्या वीस नव्या क्रमाने केल्या. मानेवर निळसर-तपकिरी झाक परत आली आहे. हवालदार साहेब, फोटो तुमच्यासाठी काढून ठेवलाय. बुडावर ८×५७ कोरलंय.